रायचा मॅश चिकटतो, उतू जातो, तळाला करपतो: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमानं

राय ह्या धान्याची व्हिस्की करताना भरडलेलं धान्य आधी गरम पाण्यात भिजवतात, त्याला मॅश म्हणतात. तो बिघडला की काय तपासायचं, ते इथे लिहिलंय. आधी लक्षणं सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की आपल्याकडे चार-पाच वेगवेगळे बिघाड झालेत.

मॅश ढवळताना कुरडयांच्या चिकासारखा जड लागतो आणि लाकडी डाव त्यात उभा राहतो. कपड्यात बांधून टांगला तर तासाभरात वाटीभर पाणीसुद्धा निथळत नाही. यीस्ट घातल्यावर पहिल्याच रात्री फेस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातून) वर येतो आणि सकाळी फर्मेंटरभोवती, म्हणजे आंबवायच्या भांड्याभोवती, तपकिरी राड पडलेली असते. चार दिवसांनी हायड्रोमीटर (द्रवात किती साखर उरली ते तरंगून दाखवणारी काचेची नळी; साध्या पाण्यात १.०००) १.०२० किंवा १.०३० वर थांबतो आणि पुढे हलत नाही. एवढं निभावून वॉश, म्हणजे आंबलेला मॅश, गाळायला बॉयलरमध्ये घातला, तर तो तापताना गुडगुडतो आणि कंडेन्सरच्या (वाफ थंड करणाऱ्या नळीच्या) तोंडातून नितळ थेंबांऐवजी गढूळ, पिवळट पाणी पडू लागतं. शेवटी दारूला करपट वास येतो आणि बॉयलर रिकामा केला की तळाला काळी खरपुडी दिसते.

मी क्राइस्टचर्चला राहते आणि सात वर्षं घरच्या गॅरेजमध्ये रायची व्हिस्की करते. ह्या सगळ्या तक्रारी आधी माझ्याच भांड्यात झाल्या. नंतर ओळखीतल्या नव्या लोकांकडे जाऊन त्याच पुन्हा पुन्हा निस्तरल्या. माझा अनुभव असा की बिघाड एकच असतो. तो होतो मॅशच्या पातेल्यात आणि दिसतो आठ-दहा दिवसांनी बॉयलरमध्ये, म्हणून माणसं एलिमेंटला (बॉयलर तापवणाऱ्या विजेच्या कांडीला), यीस्टला, नशिबाला दोष देत बसतात.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलते. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःच्या वापरासाठी घरी दारू गाळायला परवानगी आहे. विकायची असेल तर परवाना आणि अबकारी कर आला. हे स्वातंत्र्य फार थोड्या देशांत आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात घरी बिअर करता येते, पण ती गाळून दारू करायला परवाना लागतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, त्यासाठी भट्टीचं सामान बाळगणंही गुन्हा आहे. गोव्यात काजूची भट्टी लावायलासुद्धा अबकारी खात्याचा परवाना लागतो. तिकडून वाचत असाल तर माहिती म्हणून वाचा, करून बघू नका.

राय असं का वागतं

राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या कुळातलं, थंड प्रदेशात आणि हलक्या जमिनीत तग धरणारं हे धान्य आहे. दाणा बारीक, लांबट, करडा-हिरवट, आणि त्याला जवासारखं टरफल नसतं. त्याच्यात अरॅबिनोझायलान नावाचा डिंक भरपूर असतो आणि सोबत थोडं बीटा-ग्लुकान. हा डिंक स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. मॅश चिकट होतो तो पिष्टामुळे कमी आणि ह्या डिंकामुळे जास्त. पिष्टाची साखर झाली तरी डिंक तसाच राहतो. पुष्कळजणांचा घोटाळा इथेच होतो. ‘आयोडिनची परीक्षा (पिष्ट उरलंय का ते बघण्याची) तर पास झाली, मग अजून खळ का?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो.

जुने लोक भट्टीचे सांधे बंद करायला रायच्याच पिठाची कणीक लावत आले आहेत, आजही लावतात. वाफ अडवण्याइतकी ती चिवट असते. सांध्यावर जो गुण उपयोगी पडतो, तोच पातेल्यात नडतो.

डिंकामुळे पुढची साखळी अशी लागते. चिकट द्रवात बुडबुडा फुटत नाही, म्हणून फेस चढतो. चोथा खाली बसत नाही, म्हणून तो वॉशबरोबर बॉयलरमध्ये जातो. तिथे घट्ट द्रव नीट खेळत नाही, तळाचा थर तिथेच तापत राहतो आणि करपतो. गोव्यात काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस लाकडाच्या आगीवर भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, उकळतात तरी करपत नाही, कारण तो पातळ रस असतो आणि तळाला बसायला त्यात फारसं काही नसतं. धान्याला ती सोय नाही.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर.

थर्मामीटर

सगळ्यात आधी हा, कारण ह्याला पाच मिनिटं लागतात आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा चोर हाच निघतो. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात धरा, शून्य दाखवायला हवा. खळखळत्या पाण्यात धरा, समुद्रसपाटीजवळ शंभर दाखवायला हवा. दोन्हीकडे एका अंशापेक्षा जास्त फरक असेल तर बदला.

हे महत्त्वाचं का, तर माल्टमधली (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) पिष्टाची साखर करणारी एन्झाइम ६३ ते ६५ अंशांना उत्तम काम करतात आणि पंचाहत्तरीच्या पुढे झपाट्याने मरतात. थर्मामीटर सात-आठ अंश कमी दाखवत असेल तर तुम्ही ६५ समजून ७३ वर माल्ट घालता. मॅश गोड लागतो, पण त्यातला बराच भाग यीस्टला न पचणारा असतो. १.०२० वर अडकलेले कितीतरी वॉश मी असे बघितलेत. व्हिस्कीचा मॅश बिअरसारखा नंतर उकळत नाहीत, त्यामुळे एन्झाइम जिवंत असतील तर ती फर्मेंटरमध्येही काम करत राहतात आणि हायड्रोमीटर १.००० पर्यंत किंवा त्याखालीही उतरतो. तो फार वर थांबला की एन्झाइम मेली का, हा प्रश्न आधी विचारायचा आणि यीस्टवर मग यायचं.

हायड्रोमीटर खोटं बोलतोय का

चिकट मॅशमध्ये हायड्रोमीटर नीट तरंगत नाही, डिंकात रुतून जिथल्या तिथे उभा राहतो. वाटीभर मॅश कॉफीच्या फिल्टरमधून गाळा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मग मोजा. अडकलाय म्हणून ज्यात दुसऱ्यांदा यीस्ट ओतलं गेलं, त्यातले काही वॉश केव्हाच आंबून तयार झालेले होते.

भांडं किती भरलंय

रायसाठी फर्मेंटर दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. बॉयलर साठ टक्क्यांच्या वर नको, म्हणजे २५ लिटरच्या बॉयलरमध्ये १५ लिटर. मक्याच्या किंवा साखरेच्या वॉशला चालणारी पातळी इथे चालत नाही. दूध तापवताना आपण मोठं पातेलं घेतो, तीच समज इथे लागते.

फर्मेंटरला पहिले दोन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडा. एअरलॉकचं बारीक भोक चोथ्याने बुजलं तर आतला वायू कोंडतो आणि झाकण उडतं. फेसासाठी सिलिकॉनवालं फेसनाशक मिळतं. त्याचे पाकिटावर सांगितलेत तेवढेच थेंब फर्मेंटरमध्ये आणि तेवढेच बॉयलरमध्ये घाला. लोण्याचा सुपारीएवढा गोळाही काम करतो, पण तो नंतर धुऊन काढणं कटकटीचं असतं.

दळण

रायचं पीठ करून आणलंत तर अर्धा बिघाड तिथेच झाला. लापशीच्या रव्याएवढं भरड दळा. पिठात डिंक एकदम सुटतो, गुठळ्या होतात आणि कपडा पहिल्याच मिनिटाला बुजतो. दाणा बारीक असल्याने गिरणीची फट जवाच्या माल्टपेक्षा कमी ठेवावी लागते. अख्खे दाणे निसटून जात नाहीत ना, तेही मूठभर हातात घेऊन बघा.

धान्य माणसांच्या खाण्यासाठी साफ केलेलं घ्या. पेरणीच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं. न पाखडलेल्या रायमध्ये अर्गटचे काळे-जांभळे, दाण्यापेक्षा लांब खडे असू शकतात. ती विषारी बुरशी आहे. असे खडे दिसले तर सगळी पिशवीच बाजूला काढा.

पातेल्यातला क्रम, म्हणजे मूळ दुखणं

माझं प्रमाण २० लिटर पाण्याला साडेतीन किलो राय आणि दीड किलो जवाचा माल्ट असं आहे. सुरुवात करणाऱ्यांनी पाणी ह्याहून कमी करू नये. घट्ट मॅशमध्ये जास्त दारू मिळेल, ह्या लोभाने सुरू झालेली पातेली मी दर हिवाळ्यात बघते.

पाणी ४८ अंशांपर्यंत तापवा. आधी पाणी, मग धान्य, पिठलं करताना बेसन भुरभुरतात तसं, एका हाताने ढवळत. रायबरोबरच दीड किलोतला ३०० ग्रॅम माल्ट आणि पाकिटावरच्या मापाने डिंक तोडणारं एन्झाइम घाला. तापमान ४५ च्या आसपास येईल. झाकून अर्धा तास तसंच ठेवा. हा अर्धा तास कुणी खाऊ नये. बीटा-ग्लुकान तोडणारी माल्टमधली एन्झाइम ४० ते ५० अंशांतच काम करतात. एकदा ६० च्या पुढे गेलात की ती संपली, मग परत थंड करून काही होत नाही.

एन्झाइम विकत घेताना पाकीट नीट वाचा. पिष्टाची साखर करणारी अमायलेज आणि डिंक तोडणारी झायलनेज व बीटा-ग्लुकनेज ही वेगळी कामं आहेत. चिकटपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याचजणांनी अमायलेजच दुप्पट घातलेलं असतं. त्याने खळ पातळ होते, डिंक नाही. नुसत्या माल्टवर आणि ४५ अंशांच्या विश्रांतीवर फरक पडतो, पण रायचं प्रमाण सत्तर टक्के असेल तर अर्धवटच, कारण अरॅबिनोझायलान तोडायला माल्ट अपुरं पडतं. ह्या सगळ्या यादीत पैसे खर्च करण्यासारखी एकच गोष्ट विचाराल तर मी हे पाकीट सांगेन.

अर्ध्या तासाने ढवळून बघा. डाव उभा राहत नसेल, मॅश आंबिलीसारखा धारेने पडत असेल, तर जमलं. मग हळूहळू ७० अंशांपर्यंत न्या आणि तिथे अर्धा तास ठेवा, म्हणजे रायचं पिष्ट शिजून फुलतं. ह्या टप्प्यात ढवळणं सोडून फोन घ्यायचा नाही, कारण पहिली खरपुडी इथे धरते. नंतर ६४ वर उतरवा, उरलेला १२०० ग्रॅम माल्ट घाला, पांघरुणात गुंडाळून सव्वा तास ठेवा.

आता आयोडिन. वरचं पाणी चमचाभर घ्या, पांढऱ्या बशीत थंड करा, आयोडिनचा एक थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिष्ट बाकी आहे, अजून अर्धा तास थांबा. पिवळसरच राहिलं तर साखर झाली. दाण्याचा कण थेंबात आला तर तो निळा होणारच, म्हणून निवळच घ्या. बशीतलं फेकून द्या, पातेल्यात परत ओतू नका. गाळलेल्या पाण्यात हायड्रोमीटर १.०५५ ते १.०६० दाखवेल, म्हणजे सात-साडेसात टक्क्यांची दारू.

यीस्ट आणि आंबवण

इथे फार बोलण्यासारखं नाही. मॅश ३० अंशांखाली आल्याशिवाय यीस्ट घालू नका. क्राइस्टचर्चच्या हिवाळ्यात गॅरेज रात्री चार-पाच अंशांवर जातं, तिथे थांबलेला वॉश बिघडलेला नसतो, गारठलेला असतो. घरात आणा, २२ ते २५ अंशांवर दोन दिवस ठेवा आणि मगच निदान करा.

तरीही अडकला तर पीएचच्या पट्ट्या आणा. मॅश करताना ५.२ ते ५.६ हवा. आंबताना तो आपोआप चारच्या आसपास उतरतो. साडेतीनच्या खाली गेला की यीस्ट थकतं. खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम कार्बोनेट अर्धा चमचा घालून पुन्हा मोजा. एकदम मूठभर घालू नका, फसफसून बाहेर येईल.

निथळणं आणि साका

करपण्यावरचा खरा उपाय हा आहे. एलिमेंटवर तापणाऱ्या बॉयलरमध्ये चोथा जाता कामा नये. मुठीएवढासुद्धा नको.

आंबवण पूर्ण झाली की जाड कपड्यातून पिळून काढा. राय टरफलाविना असल्याने गच्च बसतं. चोथ्यात दोन मुठी धुतलेलं भाताचं तूस मिसळलं तर पाण्याला वाट मिळते. मग ते पाणी थंड जागी दोन-तीन दिवस ठेवा. खाली यीस्टचा आणि पिठाचा जाड साका बसेल. वरची निवळ नळीने काढा आणि साक्याच्या दोन बोटं वर थांबा. २० लिटरच्या मॅशमधून १३-१४ लिटर निवळ मिळाली तर ती बरोबर आहे. उरलेल्या लिटर-दोन लिटरसाठी साका ढवळून बॉयलरमध्ये घातला की तेरा लिटरचीही चव जाते. साक्यातलं यीस्ट करपतंही आणि फेसही करतं.

बॉयलरमध्ये घालण्याआधी निवळ जोरात ढवळून आतला वायू काढून टाका. नाहीतर तोच वायू तापल्यावर फेस होऊन वर येतो आणि माणूस समजतो की फेसनाशक खोटं होतं.

भट्टीवर आल्यावर

थंडगार पाणी कंडेन्सरमधून वाहतंय आणि बाहेरचं तोंड मोकळं आहे, हे बघूनच वीज सुरू करायची. ताप हळू द्या. पॉवर कंट्रोलर असेल तर पहिल्या तासात पूर्ण जोर नको. गढूळ पाणी आलं तर वॉश उसळून नळीत चढलाय. वीज बंद करा, दहा मिनिटं थांबा, कमी जोरावर पुन्हा सुरू करा. गढूळ आलेलं वेगळं ठेवा, पुढच्या खेपेला वॉशमध्ये घालता येतं. गरम बॉयलरचं झाकण उघडून आत डोकावू नका. तिथून निघणारी वाफ दारूची असते आणि तिला पेटायला ठिणगी पुरते.

पहिले १०० मिलिलिटर फेकून द्या. त्यात अॅसिटोन आणि इथाइल अॅसिटेटसारखी हलकी, तीक्ष्ण वासाची द्रव्यं असतात. धान्याच्या वॉशमध्ये मिथेनॉल मुळात फार कमी बनतं, ते फळांच्या पेक्टिनपासून जास्त येतं. आपल्याकडच्या विषारी दारूच्या दुर्घटना आठवून लोक घाबरतात. २०१५ साली मुंबईत मालवणीला १०० हून जास्त माणसं गेली, ती दारूत मिथेनॉल असल्यामुळे. असं मिथेनॉल येतं कारखान्यातून, धान्य आंबवून नाही. म्हणून नियम साधा ठेवा: बाहेरचं कुठलंही स्पिरिट आपल्या दारूत मिसळायचं नाही, कुणी कितीही खात्रीने दिलं तरी.

कुठे थांबायचं

चोथ्यासकट गाळायची इच्छा असेल तर वाफेच्या कवचाचं भांडं लागतं. ते मोठ्या डिस्टिलरीचं काम आहे. गॅसच्या शेगडीवर ढवळत ढवळत करून बघू नका.

करपट वास आला असेल तर ती खेप सोडून द्या. दुसऱ्यांदा गाळून, कोळशातून काढून, ओकच्या लाकडात वर्षभर ठेवून मी बघितलंय. वास कमी होतो, पण जात नाही. बॉयलर सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने उकळून, खरपुडी लाकडी उलथन्याने काढून, पुढच्या मॅशला लागा.

वीज लावल्यावर आरसीडी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) पडत असेल, प्लग गरम होत असेल, एलिमेंटजवळ ओल दिसत असेल, तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. दोन किलोवॉटचा एलिमेंट एक्स्टेन्शनच्या वायरीवर चालवू नका. गॅस वापरत असाल आणि वास येत असेल तर नळ बंद, दारं उघडी, आणि परवाना असलेला गॅसफिटर.

सांध्यातून वाफ गळत असेल तर वीज बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. रायची कणीक लावून त्या दिवसापुरतं भागतं, पण डाग दिलेला सांधा तडकला असेल तर शिशाविना डाग देणाऱ्या कारागिराकडे न्या. साध्या डागातलं शिसं दारूत उतरतं. दारू निळसर-हिरवी आली तर तांब्याचा गंज धुऊन आलाय, ती ओतून टाका आणि भांडं घासा.

दारूची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा आणि भट्टी सुरू असताना गॅरेज सोडून जाऊ नका. आग हाताबाहेर जातेय असं वाटलं तर बाहेर पडा आणि १११ ला, म्हणजे न्यूझीलंडच्या तातडीच्या क्रमांकाला, फोन करा.

पिणाऱ्याला धुरकट दिसू लागलं, सतत उलट्या होऊ लागल्या, श्वास जड झाला, तर झोपवून सकाळची वाट बघू नका. लगेच १११. माणूस शुद्धीत असेल आणि नुसती शंका असेल, तर न्यूझीलंडच्या विष नियंत्रण केंद्राला ०८०० ७६४ ७६६ वर विचारा. काय प्यायलं, किती आणि केव्हा, हे खरं सांगा, आणि ती बाटली फेकून न देता सोबत ठेवा.